ठाण्याहून कच्छच्या रणापर्यंत: कॅरव्हॅनने आप्तांच्या गावचा हिवाळी प्रवास कसा आखावा

हिवाळ्यात कच्छचे पांढरे रण पाहावे आणि त्याच फेरीत गांधीधामला किंवा भुजला असलेल्या बहिणीकडे, मामाकडे, लेकीकडे चार दिवस राहून यावे, असा बेत ठाण्यातल्या अनेक घरांत दिवाळीनंतर सुरू होतो. रेल्वेने जायचे तर पहाटे किंवा रात्री सामानासह बोरिवली गाठावी लागते, आणि तिकडे पोहोचल्यावर रण, मांडवी, भुजोडी अशा प्रत्येक ठिकाणी जाण्यासाठी पुन्हा गाडी करावी लागते. शिवाय दोन खोल्यांच्या घरात आणखी चारपाच माणसांच्या गाद्या घालताना यजमानांची जी धावपळ होते, ती पाहून आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. कॅरव्हॅनचा खरा उपयोग इथे आहे. आपण आपल्या माणसांच्या दारात असतो, त्यांच्या हातचे जेवतो, मुले रात्री उशिरापर्यंत मावसभावंडांशी खेळतात, आणि तरीही झोपण्याची, औषधांची, पहाटेच्या चहाची आपली सोय आपल्याजवळ असते. मात्र हे सुख मिळवायचे असेल तर प्रवासाची आखणी नेहमीपेक्षा उलट दिशेने करावी लागते: मुक्काम आधी ठरवावेत, रस्ता नंतर.

गाडी ठरवताना काय पाहावे

आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कॅरव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरच्या किंवा तत्सम गाड्यांच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा पुष्कळदा झोपण्याच्या जागांचा असतो. आपण मोजायच्या त्या पट्टा असलेल्या, पुढे तोंड केलेल्या बैठका. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर आडवे होऊ नये, उभे राहून चहा करू नये, हा नियम घरातल्या ज्येष्ठांनाही निघण्यापूर्वीच समजावून सांगावा. अचानक ब्रेक लागला तर पलंगावर झोपलेल्या माणसाला धरायला काहीच नसते. म्हणून पट्ट्याच्या बैठका जितक्या, तितकीच माणसे न्यावीत.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहाव्यात. आरसीवर वाहनाचा प्रकार कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरव्हॅन असा नोंदलेला आहे का, गुजरातेत जाण्यासाठीचा पर्यटक परवाना चालू आहे का, आणि विम्यात आतल्या गॅस व विजेच्या जोडणीसह गाडीची नोंद आहे का. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी आपण स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळते. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली गाडी चालकासह घ्यायची असते. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहन हलक्या मोटर वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले आहे. परवानगी असली तरी सवय हा वेगळा प्रश्न आहे. ज्यांनी आजवर फक्त हॅचबॅक चालवली आहे त्यांनी चालकासह गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि चालक घेतला तर त्याच्या झोपण्याची स्वतंत्र, नीट सोय आपल्या खर्चातून करावी. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला रात्री स्टिअरिंगमागे अंग मुडपून झोपायला लावणे अन्यायाचे तर आहेच, पण दुसऱ्या दिवशी आपल्या जिवाशीही खेळ आहे.

फास्टॅगबाबत एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. ऑगस्ट २०२५मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास केवळ खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. भाड्याच्या व्यावसायिक कॅरव्हॅनला तो चालत नाही. टोल कोणत्या वर्गाने कापला जाईल हे मालकाला आधी विचारून त्याप्रमाणे शिल्लक ठेवावी.

गाडी ताब्यात घेताना मोजपट्टी बरोबर न्यावी. छतावरचा एसी, सौर पॅनेल आणि हवेचा झरोका धरून एकूण उंची मोजावी आणि ती कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी. गुजरातेतल्या अनेक गावांत रेल्वेखालून जाणारे बुटके बोगदे आहेत, त्यांना तिकडे गरनाळे म्हणतात. नकाशाचे ॲप मोटारीसाठीचा जवळचा रस्ता म्हणून बिनदिक्कत त्यात नेऊन सोडते. उंचीचा पहिला प्रश्न मात्र घरीच येतो. घोडबंदर रोडवरच्या बहुतेक संकुलांत गाड्या पोडियमवर किंवा तळघरात लागतात आणि तिथल्या कमानीखालून कॅरव्हॅन जात नाही. सोसायटीच्या सचिवांशी दोन दिवस आधी बोलून आदल्या संध्याकाळी दोन तास फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत गाडी उभी करण्याची परवानगी घ्यावी आणि सामान त्या वेळातच भरावे. पहाटे चार वाजता लिफ्टमधून पिंपे, गाद्या आणि डबे उतरवणे शेजाऱ्यांना नकोसे होते.

भरताना जड वस्तू खाली आणि चाकांच्या मधल्या भागात ठेवाव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरणे म्हणजे दीड माणूस अधिक घेणे. भांड्यांच्या कपाटात प्रत्येक दोन ताटांमध्ये जुना पंचा किंवा टॉवेल घालावा, पेले कापडी पिशवीत कोंबून बसवावेत, आणि दाराची खिटी लावल्यावर बाहेरून कापडी पट्टी बांधावी. मनोरपर्यंत पोहोचेपर्यंतच स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट डोके उठवतो, आणि चालकाला गाडीत खरोखर काही सैल झाले असल्यास तो आवाज ऐकू येत नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण त्यावर आठवडाभराची शांतता अवलंबून असते.

रस्ता आणि मुक्काम

ठाण्याहून गांधीधाम साधारण ८०० किलोमीटर आहे. मोटारीने ते काही जण एका दमात करतात. कॅरव्हॅनने चार दिवस धरावेत, आणि घरी ज्येष्ठ असतील तर त्याहून कमी करू नयेत. दिवसाला जास्तीत जास्त २५० ते ३०० किलोमीटर, वेग ताशी ७० ते ८०, दर दोन तासांनी थांबा आणि सूर्यास्ताच्या आत मुक्काम, एवढे चार नियम पाळले तर प्रवासातले बहुतेक त्रास उद्भवतच नाहीत.

पहिल्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास निघून गायमुखचा घाट आणि फाउंटनचा चौक रहदारी वाढण्यापूर्वी पार करावा. नवी मुंबईकरांनी ऐरोलीमार्गे ठाण्यात येऊन हाच रस्ता धरावा, म्हणजे त्यांना अर्धा तास आणखी आधी निघणे आले. वसईची खाडी ओलांडली की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो: खानिवडे, मनोर, चारोटी, तलासरी, मग आच्छाडजवळ राज्याची सीमा. चारोटीला थांबून न्याहारी करावी. महालक्ष्मीचे दर्शन घ्यायचे असेल तर तेही इथेच होते. सीमा ओलांडण्यापूर्वी गाडीत मद्याची एकही बाटली नाही याची खात्री करावी, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि अशा प्रकरणात गाडीही जप्त होऊ शकते.

वलसाड ते सुरत हा पट्टा हिवाळ्यात खाण्यासाठी फार सुंदर असतो. वलसाडच्या आसपास महामार्गालगत मडक्यात भाजलेले उंबाडियू विकणारे ठेले लागतात. सुरती पापडी, कंद आणि रताळी हिरव्या मसाल्यात घोळवून, मडक्यात पाल्याचा थर देऊन, बाहेरून जाळ लावून ती शिजवतात. आपल्या रायगडातल्या पोपटीची ही सख्खी बहीण म्हणावी. सुरतेत कोवळ्या ज्वारीचा पोंक मिळतो, आणि हुरड्यावर वाढलेल्या माणसाला तो चुकवणे शक्य होणार नाही. कामरेजच्या अलीकडे-पलीकडे पहिला मुक्काम ठेवावा.

दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवावा आणि वडोदऱ्याला दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचावे. भरूचजवळ नर्मदेवरून जाताना पलीकडच्या बाजूचे वाहनचालक सेल्फीसाठी पुलावर थांबलेले दिसतात. आपण थांबू नये. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात मराठी घरे आहेत आणि ठाण्यातल्या पुष्कळांचे कोणी ना कोणी तिथे असतेच, तेव्हा संध्याकाळ तिकडे घालवावी. तिसऱ्या दिवशी ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, मग अहमदाबाद शहरात न शिरता सरदार पटेल रिंग रोडने साणंद आणि विरमगाम गाठून, ध्रांगध्र्याच्या किंवा बजाणाच्या परिसरात थांबावे. बजाणा हे छोट्या रणातल्या घुडखर अभयारण्याचे एक प्रवेशद्वार आहे. भारतात घुडखर जातीच्या रानगाढवांचे कळप पाहण्याची मुख्य जागा हीच. चौथ्या दिवशी हळवद, माळिया, सूरजबारीचा पूल, सामखियाळी आणि भचाऊ असे करीत दुपारी गांधीधाम. सूरजबारीच्या पट्ट्यात कांडला आणि मुंद्रा बंदरांकडे जाणारे कंटेनर आणि मिठाचे ट्रक अखंड धावत असतात आणि हिवाळ्यात पहाटे कधीकधी दाट धुके असते, म्हणून तो भाग नऊच्या आधी धरू नये.

रात्रीच्या थांब्याची जागा कशी निवडावी, हा या सगळ्या बेताचा कणा आहे. महामार्गाच्या कडेला, टोलनाक्यापुढच्या मोकळ्या पट्टीवर किंवा बंद ढाब्याच्या आवारात कधीही रात्र काढू नये. भिंतीचे आवार, रात्रभर जागणारा रखवालदार आणि प्रकाश असलेले महामार्गावरचे हॉटेल निवडून तिथल्या व्यवस्थापकाशी निदान आठवडाभर आधी फोनवर बोलावे. ‘पार्किंग आहे का’ असे विचारल्यास सगळे ‘आहे’ म्हणतात. म्हणून विचारायचे ते असे: रात्रभर गाडीतच झोपलो तर चालेल का, १५ अँपिअरचा प्लग गाडीजवळ मिळेल का, पिण्याचे पाणी भरता येईल का, आणि शौचालयाची टाकी तुमच्या शौचकूपात रिकामी करू द्याल का. चारही प्रश्नांना होकार मिळाला तरच तो मुक्काम पक्का समजावा. हवे तर एक खोली घ्यावी. सगळ्यांच्या आंघोळी होतात, चालकाला झोपायला जागा होते आणि हॉटेलवाल्यालाही आपण फुकटचे पाहुणे वाटत नाही.

जागेवर पोहोचल्यावर पहिले काम गाडी समतल करण्याचे. ओट्यावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवावा आणि पाण्याची कड कोणत्या बाजूला चढली आहे ते पाहून उताराकडच्या चाकांखाली लाकडी फळ्या सरकवून गाडी त्यावर चढवावी. एक फळी पुरली नाही तर दुसरी. गाडी कललेली असेल तर झोप लागत नाही, मोरीचे पाणी निघत नाही आणि काही प्रकारची शीतकपाटेही नीट चालत नाहीत.

गॅस, वीज आणि पाणी

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. पाच किलोचा सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला आणि तळाला बाहेर हवा जाईल अशा झडपेच्या कप्प्यात असावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो गळला तर जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी ठेवून काही साधत नाही. गाडी हलण्यापूर्वी दरवेळी सिलिंडरवरची कळ बंद करावी आणि ते काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे ठरवून द्यावे.

कच्छमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो; नलिया तर राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गणले जाते. आपल्या गाड्यांत उष्णतेची सोय बहुधा नसते. त्यावर उपाय जाड रजया, लोकरी मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याच्या पिशव्या हेच. दारे बंद करून आत शेगडी किंवा कोळसे ठेवून झोपण्याचा विचारही करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. छतावरचा झरोका थंडीतही बोटभर उघडा असावा.

पाणी आणि शौचालय यांचे गणित सोपे आहे. चार माणसांना हात-तोंड, भांडी आणि शौचालय मिळून दिवसाला ऐंशी ते शंभर लिटर लागतात, म्हणजे टाकी रोज भरावी लागणार, आणि आंघोळीला तिच्यात पाणी नाही असेच धरून चालावे. पिण्याचे पाणी वेगळ्या पिंपात ठेवावे. शौचालयाची सुटी टाकी दोन दिवसांत भरते. ती नाल्यात, शेतात किंवा रणाच्या कडेला ओतणे हे पाप आहे असे मी मानतो. ती फक्त शौचकूपात, मालकाच्या परवानगीने रिकामी करावी.

बहिणीच्या दारात

गांधीधाम फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी आखून वसवलेले गाव आहे, त्यामुळे तिथल्या निवासी भागांत रस्ते रुंद आहेत आणि गाडी घरासमोर उभी राहू शकते. तरीही निघण्यापूर्वी बहिणीकडून घरासमोरच्या जागेचे दोन फोटो मागवावेत: एक रस्त्याच्या कोपऱ्यापासून, दुसरा वर लोंबणाऱ्या तारांचा. समोरच्या शेजाऱ्यांना तिने आधी सांगून ठेवलेले बरे.

वीज घरातून घ्यायची तर साधा एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, अर्थिंगसह केबल १५ अँपिअरच्या प्लगला लावावी आणि ती पूर्ण उलगडून टाकावी; गुंडाळलेल्या केबलमध्ये उष्णता साचून तिचे आवरण वितळते. दिवे, शीतकपाट आणि मोबाइल यांना एवढे पुरते. घरातला गीझर चालू असताना गाडीतली इलेक्ट्रिक किटली लावू नये.

मानाचा प्रश्न विजेपेक्षा नाजूक असतो. ‘घर असताना गाडीत का झोपता’ हे वाक्य पहिल्या संध्याकाळी ऐकायला मिळणारच, आणि त्यामागे माया असते. म्हणून फोनवर आधीच मोकळेपणाने सांगावे: ‘ताई, आम्ही झोपायला गाडीत, पण आंघोळ आणि दुपारचे जेवण तुझ्याकडे, रात्रीचे जेवण आमच्याकडून, आणि भाऊजींनी एक रात्र गाडीत राहून पाहायचीच.’ असे सांगितले की नाते दुखावत नाही आणि तिला रोजचा स्वयंपाक मोजता येतो. आईवडिलांना गुडघ्यांमुळे गाडीची पायरी जड जात असेल तर त्यांनी खुशाल घरात झोपावे. बेतापेक्षा त्यांची झोप महत्त्वाची.

तारखा ठरवताना १४ जानेवारी जरूर पाहावा. उत्तरायणाला, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणालाही, सारा गुजरात गच्चीवर असतो. उंधियू, जिलेबी आणि पतंग यांत आपण बहिणीच्या गच्चीवर असणे हा या प्रवासाचा सर्वांत आनंदाचा दिवस ठरू शकतो. पण त्या दोन दिवसांत गाडी हलवू नये: कटलेल्या पतंगांमागे मुले रस्त्यावर धावतात आणि आडव्या मांजामुळे दुचाकीस्वार एकदम ब्रेक मारतात.

रणात जाताना

गांधीधामहून भुज ५५ ते ६० किलोमीटर आणि भुजहून धोरडो ८०. भुजला डिझेलची टाकी भरावी, वाटेत भुजोडीला विणकरांचे माग पाहावेत आणि वेळ असेल तर २६ जानेवारी २००१च्या भूकंपातील मृतांचे स्मारक असलेल्या स्मृतिवनाला निदान दोन तास द्यावेत. सीमेलगतचा प्रदेश असल्याने पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा भिरंडियारा इथल्या नाक्यावर मिळतो. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हाताशी असावे. परवान्यासाठी थांबला आहात तर भिरंडियाऱ्याचा मावा अवश्य घ्यावा.

पौर्णिमेच्या आसपासची रात्र सर्वांना हवी असते, म्हणून तेव्हा गर्दीही सर्वाधिक असते. ज्येष्ठ बरोबर असतील तर पौर्णिमेआधी दोन-तीन दिवस जावे. चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर आलेला असतो आणि फार वेळ थंडीत थांबावे लागत नाही. होडका आणि धोरडोच्या परिसरातल्या भुंग्यांच्या, म्हणजे मातीच्या गोल झोपड्यांच्या, निवासांत गाडीसाठी जागा आधी फोन करून ठरवावी.

गाडी मिठावर मात्र नेऊ नये. पावसाळ्यात इथे पाणी भरते आणि हिवाळ्यात वरचे मीठ कडक दिसत असले तरी त्याखाली ओला चिखल असतो. तीन टनांची गाडी त्यात रुतली तर ट्रॅक्टरही जवळ येऊ शकत नाही. वाहनतळावर गाडी ठेवून पायी किंवा उंटगाडीने पुढे जावे. तसेच सूर्यास्तानंतर बन्नीच्या, म्हणजे रणालगतच्या गवताळ प्रदेशातल्या, रस्त्यावर गाडी चालवू नये. बन्नीच्या म्हशी रात्री चरायला बाहेर पडतात. त्या काळ्या आहेत, रस्ता काळा आहे, आणि दिव्याच्या झोतात त्या दिसेपर्यंत अंतर उरलेले नसते. म्हणूनच रणातली संध्याकाळ पाहायची असेल तर मुक्काम धोरडोलाच हवा, भुजला परतण्याचा बेत नको. दुसऱ्या दिवशी उजेडात खावड्यावरून धोलावीरेला जाता येते. हडप्पा संस्कृतीच्या या नगराला २०२१मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन्ही बाजूंना रण असलेल्या त्या रस्त्यावर वारा जोराचा असतो, त्यामुळे उंच गाडीचा वेग साठच्या आत ठेवावा.

परतताना

परतीचे मुक्काम जातानाच्याच हॉटेलांत ठेवावेत. ओळख झालेली असते आणि प्लग कुठे आहे हे ठाऊक असते. शेवटचा मुक्काम वलसाड-वापीच्या आसपास करावा, म्हणजे रविवारची संध्याकाळ टाळून आठवड्यातल्या एखाद्या दुपारी घोडबंदरला पोहोचता येते. त्या सकाळी हॉटेलातच शौचालयाची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून धुवावी, शीतकपाट पुसून त्याचे दार उघडे ठेवावे, सिलिंडर बंद करावा. ठाण्यात उतरल्यावर सामान काढण्यापूर्वी छत, कोपरे आणि चाके यांचे, तसेच किलोमीटरच्या आकड्याचे फोटो मालकाच्या माणसासमोर काढावेत आणि अनामत रकमेचा हिशेब तिथेच लेखी घ्यावा.